मे महिन्याच्या अंगतपंगतीत काय न्यावं, काय वाढून घ्यावं?

प्रश्न : मी ४७ वर्षांची, नाशिकला राहते. मार्चमध्ये तपासणी केली तेव्हा माझं एचबीएवनसी ६.१ आलं. डॉक्टर म्हणाले, मधुमेह झालेला नाही, पण उंबरठ्यावर आहात. गोळी दिली नाही. खाणं आणि चालणं सांभाळायला सांगितलं. घरी मी ते नीट पाळते. अडचण येते ती मे महिन्यात. १ मेच्या संध्याकाळी आमच्या सोसायटीत गच्चीवर जेवण असतं, प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा. त्यानंतर माहेरच्या सगळ्यांची दिंडोरीजवळ मामांच्या मळ्यात आमरसाची पंगत, मग भिशीची सहल. मी दरवेळी सॅलड नेते आणि ते तसंच परत येतं. सगळे म्हणतात, ‘एका दिवसानं काय होतंय?’ नको म्हटलं तर मामी रुसते. हो म्हटलं तर घरी आल्यावर माझं मलाच वाईट वाटतं. गेल्या वर्षी सहलीला घरून जेवून गेले, तर दिवसभर परक्यासारखी बसून होते. त्याच सहलीत दुपारच्या जेवणानंतर संध्याकाळी चार मुलांना उलट्या झाल्या. सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत, मधुमेहाची गोळी घेतात. मिस्टरांना बीपी आहे. यंदा या सगळ्यांचं कसं सांभाळू? जायचंच नाही, हा पर्याय मला नको आहे.

उत्तर : ताई, तो पर्याय नको असं तुम्ही स्वतःच लिहिलंत ते फार बरं झालं. वर्षातून एकदा भेटणारी भावंडं टाळून साखर सांभाळायची, हे कुणालाच फार दिवस निभत नाही.

आधी तुमच्या आकड्याबद्दल. एचबीएवनसी ५.७ च्या खाली असेल तर चिंता नसते, ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था धरतात आणि ६.५ पासून पुढे मधुमेह. हा आकडा मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगतो. म्हणजे ‘एका दिवसानं काय होतंय’ म्हणणाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही. एका दिवसानं खरोखर काही होत नाही. पण तुमचा मे महिना एका दिवसाचा कुठे आहे? सोसायटी, मामांचा मळा, भिशी, आणि वर लग्नसराई. एखादी हळद, दोन लग्नं, पाठोपाठ सत्यनारायण, कुणाची मुंज, कुणाचं डोहाळजेवण. भिंतीवरची दिनदर्शिका घ्या आणि बाहेर जेवायचे सगळे दिवस पेन्सिलीनं खूण करून पाहा. खुणा दोन-तीनच निघाल्या तर मोकळेपणानं जेवा, त्याचा हिशेब ठेवू नका. आठ-दहा निघाल्या तर त्यांतले तुमच्या जिव्हाळ्याचे दोन दिवस निवडा. मामांचा आमरस त्यात असायलाच हवा, असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं. बाकीच्या ठिकाणी हात आखडता. हे आधीच ठरलेलं असलं की पदार्थ समोर आल्यावर मनाशी झगडावं लागत नाही, आणि घरी परतल्यावर वाईट वाटण्याचं कारणही उरत नाही.

आता मूळ मुद्दा. तुमचा सगळा जोर पंगतीत बसल्यावर नको म्हणण्यात खर्च होतोय. माझ्या मते तो चुकीच्या जागी लागतोय. गच्चीवर त्या संध्याकाळी कोण काय खाणार, हे चार-पाच दिवस आधी व्हॉट्सॲपवर यादी होते तेव्हाच ठरून गेलेलं असतं. ती यादी कशी भरते ते आठवून पाहा. पहिल्या तासात तीन घरं पुलाव लिहितात, दोन छोले, एक पावभाजी. मग कुणी गुलाबजाम, कुणी रसमलाई, कुणी आइस्क्रीम. ज्यांना वेळ नाही ते वेफर्स आणि कोल्ड्रिंकच्या मोठ्या बाटल्या. शेवटी तुम्ही लिहिता, सॅलड. चाळीस माणसांच्या जेवणात भात, मैदा आणि साखर यांचे दहा-बारा पदार्थ आणि भाजी म्हणून तुमचा एक डबा. अशा टेबलासमोर उभं राहून कितीही निर्धारी बाई काय निवडणार?

म्हणून यंदा यादी तुम्ही सुरू करा. कुणाला न दुखावता, सरळ कामाची वाटणी म्हणून करा: कडधान्य कोण आणणार, भाकरी-पोळी कोण, कोशिंबिरी कोण, भात कुणाचा, गोड कुणाचं, ताक कोण करणार. गोडाला एकच जागा ठेवा, भातालाही एकच. आरोग्य, डाएट, साखर यातला एकही शब्द त्या संदेशात नको. ‘मागच्या वेळी तीन पुलाव झाले होते, यंदा वाटून घेऊ या’ एवढंच लिहा. या कारणाला कुणाचीच हरकत नसते, कारण तीन पुलाव झाल्यावर उरलेला भात कुणाला तरी न्यावाच लागलेला असतो.

आणि कडधान्याच्या जागी माझी सूचना अशी की मिसळ करा. नाशिककरांना मिसळीचं महत्त्व मी काय सांगावं! पण एकत्र जेवणाच्या दृष्टीनं पाहिलं तर हा पदार्थ फार सोयीचा आहे, कारण त्याचा प्रत्येक भाग वेगळा असतो आणि जो तो आपल्या हातानं आपली मिसळ जमवतो. उसळ एका पातेल्यात, काळ्या मसाल्याचा रस्सा दुसऱ्या पातेल्यात, तर्री छोट्या भांड्यात बाजूला. फरसाण, कांदा, कोथिंबीर, लिंबू, दही वेगवेगळं. ज्याला झणझणीत हवी त्यानं तर्री घ्यावी, मुलांनी फरसाण जास्त घ्यावं. तुम्ही दोन डाव उसळ, वर रस्सा, भरपूर कांदा-कोथिंबीर, चव येण्यापुरतं चमचाभर फरसाण आणि पावाऐवजी ज्वारीची भाकरी घ्या. बघणाऱ्याला तुम्ही काही वेगळं खाताय असं वाटणारही नाही. पंगतीत परकं वाटण्याचं तुमचं दुःख यानं बरंच कमी होईल.

माणशी ५० ग्रॅम कोरडी मटकी धरा, म्हणजे चाळीस जणांना दोन किलो. एवढ्यातून प्रत्येकाला सुमारे १० ते ११ ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि पोट भरतं. दोन किलो मटकी एका घरावर टाकू नका, दोघी-तिघींत वाटा. मे महिन्याच्या उष्म्यात मोड लवकर येतात आणि तितक्याच लवकर आंबतात. मोड दिसू लागले की मटकी फ्रिजमध्ये ठेवा. चिकट लागली किंवा आंबूस वास आला तर धुऊन वापरायचा मोह धरू नका, टाकून द्या. उसळ आणि रस्सा गच्चीवर शेगडी नेऊन तिथेच उकळता ठेवता आला तर उत्तम. त्याचं कारण पुढे सांगते.

तुमचं सॅलड परत का येतं, तेही बोलू. काकडी-टोमॅटोच्या चकत्या ताटलीत गोल रचून नेल्या आणि वर मीठ भुरभुरलं की अर्ध्या तासात त्यांना पाणी सुटतं. गरम पुलावाशेजारी ते कोमट, ओलं ताट कोण उचलणार? आपल्याकडे कोशिंबिरीची इतकी चांगली परंपरा असताना चकत्यांवर का थांबायचं? काकडी चोचवून न्या. त्यात दाण्याचं कूट, थोडं ओलं खोबरं, हिरवी मिरची, लिंबू, आणि वरून तुपाची जिरं-हिंगाची चुरचुरीत फोडणी. हिला खमंग काकडी म्हणतात आणि ती परत आलेली मी पाहिलेली नाही. मात्र सगळं घरून कालवून नेऊ नका. काकडी पिळून एका डब्यात, कूट दुसऱ्यात, फोडणी छोट्या बाटलीत, आणि मीठ-लिंबू वाढायच्या क्षणी. गाजराची, कोबीची, भिजवलेल्या मूगडाळीचीही अशीच करता येते. १ मे चैत्रगौरीच्या हळदीकुंकवांच्या दिवसांत किंवा त्यांच्या आसपासच येतो, तेव्हा कैरी घालून वाटलेली हरभऱ्याची डाळ कुणी केली तर सगळ्यांना हवीच असेल. डाळ कच्ची असल्यामुळे ती उशिरात उशिरा वाटायची आणि थंड ठेवायची, एवढी काळजी घ्या.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वं प्रसिद्ध केली. त्यात दिवसभराच्या ताटाचा निम्मा भाग भाज्या आणि फळांचा असावा असं सांगितलं आहे. एका कोशिंबिरीनं हे साधत नाही. तीन घरांनी तीन वेगवेगळ्या कोशिंबिरी आणि एकीनं भरली वांगी किंवा कोरडी गवार आणली, तर चाळीस माणसांचं ताट आपोआप त्या जवळ जातं. तुमच्या एकटीच्या ताटापेक्षा मला ही गोष्ट मोठी वाटते. तुमच्या गच्चीवर मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या तुम्ही एकट्याच नसणार.

आता उन्हाचं. मुलांच्या उलट्यांबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंत, पण मी त्याला साखरेच्याही आधी ठेवीन. अन्नात जंतू सगळ्यात वेगानं वाढतात ते ५ ते ६० अंश सेल्सियसच्या मधल्या तापमानात. शिजवलेलं अन्न या पट्ट्यात दोन तासांहून जास्त राहू नये, हा अन्नसुरक्षेचा नियम आहे. आणि बाहेरचं तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ती मुदत एका तासावर येते. नाशिकला मे महिन्यात दुपारी पारा सहज ३८-४० ला जातो. सकाळी सातला भरलेला पुलावाचा डबा, नऊला गाडीच्या डिकीत, दीडला झाडाखाली उघडला: म्हणजे साडेसहा तास. जेवणानंतर काही तासांतच उलट्या सुरू होतात तेव्हा बहुधा जंतूंनी अन्नात आधीच विष तयार केलेलं असतं. यातली काही विषं पुन्हा गरम केल्यानंही जात नाहीत. ‘गरम करून घेतलं की झालं’ यावर म्हणून विसंबू नका. तुमच्या सहलीत नेमकं कशानं झालं ते आता कळणार नाही, पण उन्हाळ्यात बाहेर जाताना काही पदार्थ मी यादीतूनच काढीन: दहीवडे, क्रीम किंवा पांढऱ्या सॉसचा पास्ता, पनीरची ओली भाजी, खव्याची आणि दुधाची मिठाई, उकडलेल्या बटाट्याचं सारण, आणि मोठ्या खोल डब्यात गरमागरम दाबून भरलेला भात. हा शेवटचा फार फसवा असतो. वरून झाकण घट्ट, आत मधोमध तो तासन् तास कोमट राहतो.

मग न्यायचं काय? आपल्या आज्या-पणज्यांनी बैलगाडीच्या आणि एसटीच्या प्रवासासाठी जे केलं तेच. दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणाची किंवा शेंगदाण्याची कोरडी चटणी, कोरडं पिठलं. या पदार्थांत ओलावा कमी, म्हणून ते टिकतात. तुमच्यासाठी यांतली निवड धपाट्यांची. ज्वारी, बेसन, थोडी कणीक, मेथी किंवा पालक, तीळ, ओवा. तव्यावर कमी तेलात भाजून निघतात आणि गार झाले तरी चवीला उतरत नाहीत. दोन धपाटे, कोरडी चटणी, सोबत एक अख्खा कांदा आणि काकडी. सहलीचं जेवण यापेक्षा चांगलं मला तरी माहीत नाही. दडपे पोहे हाही चांगला पर्याय आहे, कारण ते तिथे जाऊन दहा मिनिटांत कालवता येतात. पातळ पोहे कोरडे न्यायचे, कांदा तिथे चिरायचा. नारळ मात्र खवून बर्फात न्या, ओलं खोबरं उन्हात लगेच उतरतं.

थंड ठेवायच्या वस्तूंसाठी आदल्या रात्री पाण्याच्या बाटल्या फ्रीझरमध्ये गोठवा आणि थर्माकोलच्या किंवा प्लॅस्टिकच्या आइसबॉक्समध्ये डब्यांच्या भोवती उभ्या करा. बर्फ वितळेल तसं तेच थंड पाणी प्यायला मिळतं. रस्त्यावरून बर्फ विकत घेऊ नका. घ्यावाच लागला तर रंग पाहा. खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग मिसळण्याचा नियम महाराष्ट्रात २०१८ पासून आहे. पण पांढरा दिसला म्हणजे तो चांगल्या पाण्याचाच, अशी खात्री त्यावरून होत नाही. कलिंगड आणि खरबूज अख्खं न्या, तिथे धुवा, स्वच्छ सुरीनं तिथेच कापा. चिरून ठेवलेलं फळ विकत घेऊ नका. ताडगोळे मिळाले तर जरूर घ्या. त्यात पाणीच जास्त आणि साखर कमी, शिवाय सोलण्यात मुलंही रमतात. हात धुवायला वेगळं पाणी आणि साबण गाडीत असू द्या. वाढणाऱ्या माणसाच्या बोटाला जखम असेल तर त्यानं त्या दिवशी वाढू नये.

पेयांबाबत मी जरा कडक आहे. कोल्ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या एका पेल्यात साधारण २६ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाच-सहा चमचे. जागतिक आरोग्य संघटना अशी साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवली तर चांगलं, असं सांगते. एका पेल्यात दिवस संपला. उन्हात माणूस दोन-तीन पेले सहज पितो आणि तहान तशीच राहते. तुमच्या घरातल्या तिघांनीही हे यंदापासून बंद करावं, असं मी स्पष्टच सांगते. त्या जागी माठातलं पाणी आणि ताक. ताकात जिरं, आलं, कोथिंबीर घाला. कोकमचं सरबत करायचं तर बाटलीतला गोड पाक न घेता आगळ घ्या. त्यात मीठ असतं, तेव्हा वरून घालू नका. पन्ह्याबद्दल एक सांगायला हवं. गूळ घातला म्हणून ते मधुमेहाला चालतं, असा समज फार घट्ट आहे. रक्तातल्या साखरेच्या दृष्टीनं गूळ आणि साखर यांत फरक करण्यासारखं फारसं काही नाही. पन्हं प्या, अर्धा पेला प्या, कैरीचा गर जास्त आणि गूळ कमी असलेलं प्या, पण त्याला औषध समजून दोनदा घेऊ नका.

आता मामांचा मळा. आमरस सोडा असं मी सांगणार नाही. १०० ग्रॅम आंब्याच्या गरात सुमारे १४ ग्रॅम नैसर्गिक साखर असते. एक छोटी वाटी रस म्हणजे तेवढी. आपल्याकडे पंगतीत मात्र वाटी रिकामी होण्याआधी दुसरी ओतली जाते, रसात वरून साखर असते, सोबत सात-आठ पुऱ्या, बटाट्याची भाजी, शेवटी मसालेभात. साखर चढते ती या सगळ्याच्या बेरजेनं. एकट्या आंब्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशी तुम्ही रस ठेवा आणि भोवतालचं कमी करा. छोटी वाटी, साखर न घातलेला रस, पुऱ्यांऐवजी दोन फुलके किंवा फार तर दोन पुऱ्या, भात नाही, दुसरं गोड नाही. बटाट्याऐवजी मटकीची उसळ किंवा मळ्यातली ताजी भाजी असेल तर ती जास्त. रस जेवणाच्या सुरुवातीला रिकाम्या पोटी पिऊ नका. आधी कोशिंबीर आणि उसळ खा, मग पुरी-रस. त्याहून बरं म्हणजे दुपारी रसाऐवजी आंबा चिरून किंवा चोखून खा. चावून खाल्लेल्या आंब्याचा वेग आपोआप कमी होतो. आणि रस तिथेच काढायचा, बर्फात ठेवायचा. सकाळी घरून काढून नेलेला रस दुपारी मुलांना देऊ नका.

जेवणानंतर सतरंजीवर आडवं होण्याआधी मळ्यात पंधरा-वीस मिनिटं सावलीसावलीनं चाला. भाचरांना घेऊन कैऱ्या पाडायला गेलात तरी तेच झालं. जेवणानंतरच्या साखरेवर या चालण्याचा चांगला परिणाम होतो.

सासूबाईंकडे तुमच्यापेक्षा जास्त लक्ष द्यायला हवं, आणि त्यांच्या बाबतीत धोका उलटा आहे. मधुमेहाच्या काही गोळ्या, उदाहरणार्थ ग्लिमेपिराइड, शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. अशी गोळी सकाळी घेतली आणि सहलीचं जेवण अडीचला झालं, तर मधल्या वेळात साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, बोलण्यात गोंधळ ही त्याची लक्षणं. उन्हात हे सगळं ‘ऊन लागलं असेल’ म्हणून सोडून दिलं जातं, याची मला फार भीती वाटते. त्यांची गोळी कोणती आणि अशा दिवशी ती कधी घ्यायची, हे मे सुरू होण्याआधी डॉक्टरांना विचारून घ्या. मनानं गोळी चुकवू नका. त्यांचा डबा वेगळा ठेवा आणि त्यांना घरच्या वेळेला जेवायला घाला; पंगत बसेपर्यंत थांबवू नका. ग्लुकोमीटर सोबत असू द्या. साखर ७० च्या खाली गेली किंवा वरची लक्षणं दिसली, तर तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात विरघळवून लगेच द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, अजून खालीच असेल तर पुन्हा द्या. सावरल्यावर थोडं जेवण. चॉकलेट किंवा पेढा त्या वेळी देऊ नका, स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता सरळ दवाखाना गाठायचा. मळा दिंडोरीकडे, सहल आणखी कुठे. जवळचा दवाखाना कोणता, हे निघण्याआधी पाहून ठेवलेलं बरं.

मिस्टरांसाठी मीठ. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, एवढंच मीठ सगळ्या जेवणातून मिळून जावं. पापड, लोणचं, फरसाण, वेफर्स, सॉस हे पाचही पदार्थ सहलीत एकाच ताटात येतात. त्यांनी यांतला एक निवडावा. बीपीच्या काही गोळ्यांनी लघवीवाटे पाणी जास्त जातं. त्यांची तशी असेल तर उन्हात पाणी किती प्यावं हे त्यांनीही विचारून घ्यावं.

राहिली मामी. आग्रह हे तिचं प्रेम आहे आणि ते परत करता येत नाही. तुम्ही हात आडवा धरलात की तिला ते तिच्या स्वयंपाकाला लागतं. म्हणून तिला द्यायला काहीतरी ठेवा. ‘मामी, पुरी पुरे, पण ती तुझी कैरीची चटणी अजून वाढ’ असं म्हणून पाहा. तिचं वाढणंही होतं आणि तुमचं पानही सांभाळलं जातं. गोड वाढायला आली तर ‘एक चमचा घाल, चव बघते’ म्हणा, चव बघा आणि कसं केलं ते मनापासून विचारा. पान लगेच रिकामं करू नका, सावकाश जेवा. रिकामं पान दिसलं की वाढणाऱ्याचा हात थांबत नाही. आणि त्याहून चांगलं म्हणजे पंगतीच्या चार दिवस आधी मामीला एकटीला फोन करा. रिपोर्टचं खरं सांगा. ‘माझ्यासाठी थोडा रस साखर घालायच्या आधी बाजूला काढून ठेवशील का?’ एवढंच मागा. भाचीला काय चालत नाही हे तिला आधी कळलं तर ती तुमच्या बाजूनं उभी राहील, आणि दुसऱ्या कुणी आग्रह केला तर तीच त्याला थांबवेल. पंगतीत सगळ्यांदेखत रिपोर्ट सांगायची गरज नाही. तिथे मग प्रत्येकाचा वेगळा उपाय सुरू होतो, मेथीचे दाणे, कारल्याचा रस, कुणाच्या साडूचा वैद्य, आणि जेवण बाजूला राहतं.

घरून पोटभर जेवून जाऊ नका. भुकेल्याही जाऊ नका. निघण्याआधी मूठभर फुटाणे किंवा भाजलेले शेंगदाणे खा, वर पेलाभर ताक. गच्चीवर पोचल्यावर आधी रिकाम्या हातानं सगळं टेबल एकदा बघून या, मग ताट घ्या. जे घरी कधी होत नाही आणि तुम्हाला खरंच आवडतं, असं एखादं घ्या. वेफर्स, बाजारचे गुलाबजाम, कोल्ड्रिंक हे वर्षभर कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतं. त्यासाठी पोटात जागा कशाला अडवायची? ताट घेतल्यावर टेबलापासून लांब, शक्यतो खाली सतरंजीवर बसा. उभ्यानं गप्पा मारता मारता हात टेबलाकडे जात राहतो आणि किती खाल्लं ते कळत नाही.

भिशीच्या सहलीसाठी मला एवढंच सुचवायचं आहे: दुपारची सहल सकाळची करा. साडेसहाला निघा, साडेआठला धपाटे-दह्याची न्याहारी, अकराच्या आत परत. दही बर्फात नेलेलं असलं की झालं. ऊन नाही, कोमट डबे नाहीत, सासूबाईंची जेवणाची वेळही चुकत नाही. गंगापूर धरणाच्या बाजूला सकाळची हवा दुपारपेक्षा कितीतरी सुखाची असते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

आणि उरलेल्या अन्नाचं. वाटून घरी न्यायची आपली सवय चांगली, पण उन्हाळ्यात नियम ठेवा. शेगडीवर सतत उकळत राहिलेला रस्सा नेता येईल. घरी गेल्यावर लगेच उथळ भांड्यात काढून गार करा आणि फ्रिजमध्ये टाका. धपाटे, चटण्या, फळं बिनधास्त न्या. तासाभराहून जास्त वेळ उघड्यावर राहिलेला भात, दही घातलेली कोशिंबीर, रस आणि दुधाची मिठाई मात्र कुणाच्याही हाती देऊ नका, कामाला येणाऱ्या मावशींच्या तर मुळीच नाही. टाकायला जीव होत नाही हे मला कळतं, म्हणून पुढच्या वर्षी यादी करताना माणशी प्रमाण लिहून ठेवा.

तुमची पुढची तपासणी डॉक्टरांनी कधी सांगितली आहे ते पत्रात नाही. त्यांची हरकत नसेल तर ऑगस्टच्या सुमारास करा. तोवर मे मागे पडलेला असेल आणि जून-जुलैच्या घरच्या जेवणाचाही त्या आकड्यात पुरेसा वाटा येईल. आकडा काय आला ते मला जरूर कळवा, आणि गच्चीवरची यादी कशी भरली तेही.